समजून घ्या : रिपोर्टसोबत पेशंटचा फोटो दिसला, तर डॉक्टर वेगळं वागतात का?

एक साधा पासपोर्ट साइज फोटो उपचारांत काय फरक पाडू शकतो? जगभरात झालेले प्रयोग, महाराष्ट्रातला अनुभव आणि कायदा काय सांगतो, ते सविस्तर.

कासारसाई म्हटलं की पुण्यातल्या बहुतेकांना धरण आठवतं. हिंजवडी आयटी पार्कच्या जवळ, मुळशी तालुक्यातलं हे गाव शनिवार-रविवारी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी भरतं. गावाची दुसरी ओळख म्हणजे कासारसाई-दारुंब्रे इथला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. गळीत हंगाम आला की ऊसतोड कामगार येतात आणि कोप्या उभ्या राहतात.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाच्या वहीत दोन जिवंत माणसांची नोंद एका हत्याराच्या नावाने होते.

आता समजा, यातल्याच एका बाईला महिनाभर खोकला आहे. ती आधी आरोग्य केंद्रात जाते आणि तिथून पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात. तिथे तिचा केस पेपर निघतो, त्यावर एक नंबर पडतो. एक्स-रेच्या खिडकीवर दुसरा नंबर मिळतो. भरती झाली तर तिसरा, बेडचा. 'बाराचा ताप उतरला का?' असं वॉर्डात सहज विचारलं जातं. विचारणारे निर्दयी नसतात. एका शिफ्टमध्ये चाळीस पेशंट बघायचे असतील, तर नावापेक्षा नंबर सोपा पडतो. पण वहीतला कोयता इथे बारा नंबर झाला, हेही तितकंच खरं.

हा नंबर पुन्हा माणूस व्हावा म्हणून जगात काही ठिकाणी एक अगदी स्वस्त उपाय करून पाहिला गेला. तो म्हणजे पेशंटचा फोटो.

रेडिओलॉजिस्टवरचा प्रयोग काय होता?

रुग्णालयातला रेडिओलॉजिस्ट हा पेशंटला सहसा न भेटणारा डॉक्टर. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर एकामागून एक सीटी स्कॅन, एक्स-रे येत राहतात. त्याला शरीराचा आतला भाग दिसतो, चेहरा दिसत नाही.

जेरुसलेममधल्या शारे झेडेक रुग्णालयातले डॉ. येहोनातन टर्नर यांनी हेच बदलून पाहिलं. सीटी स्कॅनसाठी आलेल्या ३१८ पेशंटचे त्यांच्या संमतीने फोटो काढले. रेडिओलॉजिस्टने स्कॅन उघडला की सोबत तो फोटोही दिसायचा. १५ रेडिओलॉजिस्टनी हे स्कॅन वाचले. पेशंटबद्दल जास्त आपुलकी वाटली, असं पंधराही जणांनी सांगितलं.

आपुलकी वाटणं ठीक, पण कामात फरक पडला का? हे तपासायची पद्धत रंजक होती. स्कॅन ज्या कारणासाठी काढला, त्याच्याशी संबंध नसलेली एखादी गोष्ट कधीकधी त्यात सापडते. पोटाच्या दुखण्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये मूत्रपिंडावरची गाठ दिसावी, तशी. अशा अनपेक्षित नोंदी असलेले ८१ स्कॅन निवडले गेले. तीन महिन्यांनी तेच स्कॅन त्याच डॉक्टरांना पुन्हा दिले, पण फोटो काढून टाकून. आधी फोटोसह वाचताना केलेल्या अनपेक्षित नोंदींपैकी सुमारे ८० टक्के या वेळी रिपोर्टमध्ये आल्याच नाहीत.

२००८ साली शिकागोत झालेल्या रेडिओलॉजीच्या वार्षिक परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. प्रयोग एकाच रुग्णालयातला आणि छोटा होता, त्यामुळे त्यावरून फोटो लावला की निदान सुधारतं असा नियम काढता येत नाही. पण डॉक्टरांचं ज्ञान तेच, यंत्र तेच आणि चित्रही तेच असताना फक्त समोर चेहरा आहे की नाही यावरून लक्ष देण्याची पातळी बदलू शकते, ही शक्यता त्यातून पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त लागू पडतो. तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला एक्स-रे आता इंटरनेटवरून दूरच्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडे जातो. रिपोर्ट लवकर मिळतो, हा मोठा फायदा. पण वाचणारा आणि ज्याचा एक्स-रे आहे तो, या दोघांमधलं अंतर आणखी वाढतं.

फोटोमुळे चुका कमी होतात का?

याचा पुरावा आपुलकीच्या पुराव्यापेक्षा भक्कम आहे.

कॉम्प्युटरवर एका पेशंटची फाइल उघडी असताना दुसऱ्याच्या नावाने औषध लिहिलं जाणं, ही जगभरातल्या रुग्णालयांत होणारी चूक आहे. बोस्टनमधल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पेशंटचा फोटो स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दिसेल अशी सोय केली गेली. ७१ हजारांहून अधिक पेशंट आणि २५ लाखांहून अधिक ऑर्डर तपासल्यावर असं दिसलं की, ज्यांच्या फाइलवर फोटो होता त्यांच्या बाबतीत ही चूक लक्षणीयरीत्या कमी झाली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या गावांचा विचार करा. निम्म्या गावाचं आडनाव एकच असतं. एकाच आळीत दोन-दोन 'सुमन' आणि तीन 'बाळू' असतात. जन्मतारीख अनेकांची १ जून किंवा १ जानेवारी, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. नाव, आडनाव आणि जन्मतारीख या तीन गोष्टींवर ओळख पटवणारी सॉफ्टवेअरची रचना अशा ठिकाणी सहज फसते. चेहरा हा इथे चौथा आधार ठरतो.

पेशंटला डॉक्टरचा चेहरा दिसतो का?

आता बाजू उलटी करू. डॉक्टरला पेशंट दिसत नाही, तसं पेशंटलाही डॉक्टर दिसत नाही अशी वेळ येते. ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले. त्यांच्यावर नायडू रुग्णालयात उपचार झाले. पुढच्या काही महिन्यांत पीपीई किट हा शब्द घराघरात पोहोचला. आत कोण आहे हे कळायला मार्ग नव्हता. डोळे गॉगलमागे, आवाज दोन मास्कमागे. अनेक ठिकाणी डॉक्टर आणि सिस्टर मार्करने किटवर स्वतःचं नाव लिहायच्या. ते मुख्यतः एकमेकांना ओळखण्यासाठी होतं, पण पेशंटलाही त्याचा आधार वाटायचा. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. कित्येकांनी शेवटचे दिवस एकही उघडा चेहरा न बघता काढले. त्या काळात ज्यांच्या घरातलं कुणी गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यावरचा एक उपाय त्याआधी पाच वर्षं शोधला गेला होता. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ असताना मेरी बेथ हेफरनन या अमेरिकन कलाकार-छायाचित्रकार महिलेने बातम्यांतले किटमधले कर्मचारी पाहिले. आजारी माणसाला, त्यातही लहान मुलाला, हे रूप किती भीतिदायक वाटत असेल, हा प्रश्न त्यांना पडला. त्या २०१५ मध्ये लायबेरियाची राजधानी मनरोव्हियातल्या इबोला उपचार केंद्रात गेल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांचे हसतमुख फोटो काढले, स्टिकरच्या कागदावर छापले आणि किटच्या छातीवर चिकटवले. किट फेकून दिलं की स्टिकरही जायचं, नव्या किटला नवं. २०२० मध्ये करोना आल्यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधल्या संशोधक कॅटी ब्राउन-जॉन्सन यांनी हीच कल्पना पुन्हा वापरात आणली.

यात महागडं काहीच नाही. लागतो एक कॅमेरा, प्रिंटर आणि चिकटणारा कागद. विचार मात्र नेमका आहे : धीर देणारा चेहरा हाही उपचाराचा भाग आहे.

वैद्यकीय पुस्तकांतल्या फोटोंचं काय?

डॉक्टर पेशंटचे फोटो पहिल्यांदा पाहतो ते पाठ्यपुस्तकात. ते कसे असतात? भिंतीला टेकवून उभं केलेलं, अनेकदा उघडं शरीर आणि डोळ्यांवर काळी पट्टी. पट्टी ओळख लपवण्यासाठी असते, हेतू चांगला असतो. पण डोळे गेले की माणूस जातो आणि मागे आजार उरतो.

रिक गिडोटी हे न्यूयॉर्कमधले फॅशन छायाचित्रकार. वर्णहीनता म्हणजे अल्बिनिझम असलेल्या मुलींचे फोटो पुस्तकांत शोधताना त्यांना असेच खिन्न, उघडेवाघडे फोटो सापडले. त्यांनी अल्बिनिझम असलेल्या मुलींना मॉडेलसारखी प्रकाशयोजना देऊन, हसताना, कॅमेऱ्याकडे थेट पाहताना टिपलं. १९९८ मध्ये हे फोटो 'लाइफ' मासिकात आले. त्यातून 'पॉझिटिव्ह एक्स्पोजर' ही संस्था उभी राहिली. आनुवंशिक आजार असलेल्यांचे असे फोटो आता वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवताना वापरले जातात. आजाराची लक्षणं तशीच दिसतात, फक्त ती कुणाच्या तरी चेहऱ्यावर दिसतात.

तैवानमधलं त्झू ची विद्यापीठ आणखी एक पाऊल पुढे गेलं. तिथे देहदान केलेल्या व्यक्तीला 'मूक गुरू' मानतात. विद्यार्थी आधी तिच्या कुटुंबाला भेटतात, तिचं आयुष्य समजून घेतात. शिकताना तिचा फोटो आणि ओळख समोर असते.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय सक्तीचा झाला. त्याचं लघुरूप 'एटकॉम'. पहिल्या वर्षाच्या एका घटकाचं नावच 'मृतदेह : आपला पहिला शिक्षक' अशा अर्थाचं आहे. महाराष्ट्रात देहदानाची चळवळ जुनी आहे. आजी-आजोबांचा देहदानाचा अर्ज भरणारी घरं आपल्या ओळखीत असतात. अशा कुटुंबाने संमतीने दिलेला एक फोटो आणि चार ओळी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या, तर 'एटकॉम'चा तो घटक पुस्तकाबाहेर येईल.

पुण्याने हा प्रयोग वेगळ्या रूपात केलाय का?

हो. स्थिर फोटोत नाही, पण सिनेमात.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्यातल्या दिग्दर्शक जोडीने आजारांवर चित्रपटांची मालिकाच केली. 'देवराई' स्किझोफ्रेनियावर, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावर, 'कासव' नैराश्यावर. कोडावरचा 'नितळ' तर पुण्यातल्या डॉ. माया तुळपुळे यांच्या श्वेता असोसिएशनच्या पुढाकारातून आला. यात कोड असलेली नायिका स्वतः डॉक्टर आहे. लोक तिच्या डागांकडे पाहतात आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहू लागतो. मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते डॉ. मोहन आगाशे यांनी असे चित्रपट मानसिक आरोग्याच्या शिक्षणासाठी सातत्याने वापरले आहेत.

पोर्ट्रेट आणि हे चित्रपट यांच्यात एक गोष्ट समान आहे. दोन्ही आपल्याला एका चेहऱ्यासमोर थांबवतात. आकडेवारीपेक्षा एका ओळखीच्या माणसाचं दुःख आपल्याला जास्त हलवतं, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

मग सगळ्यांचे फोटो काढायला हरकत काय?

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. कॅमेरा माणुसकी वाढवतोच असं नाही.

१८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगचे कॅप्टन सी. मॉस यांनी काढलेले फोटो लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये आहेत. घरांची झडती, रुग्णालयातले वॉर्ड, खाटेवरचे रुग्ण. पाहताना अंगावर काटा येतो. पण त्या रुग्णांची नावं आपल्याला मिळत नाहीत. त्यांना कुणी विचारलं असेल असंही चित्रांवरून वाटत नाही. तो कॅमेरा सरकारी बंदोबस्ताची नोंद करत होता. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. त्या क्षणाचा फोटो नाही. पण ज्या मुलाला त्यांनी उचललं, त्याच्या वडिलांचं नाव आजही सांगितलं जातं : पांडुरंग बाबाजी गायकवाड. माणूस म्हणून ओळखणं म्हणजे काय, याचं उत्तर या दोन नोंदींच्या फरकात आहे.

आजही आरोग्य यंत्रणेत फोटो भरपूर निघतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यासाठी पेशंटचे फोटो अपलोड होतात. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये घरी नेण्याचा आहार देताना चेहरा ओळखण्याची अट १ जुलै २०२५ पासून आली. हे फोटो गैरव्यवहार रोखण्यासाठी आहेत आणि त्यांची गरज असेलही. पण ते पुरावा म्हणून निघतात. त्यात पेशंटला 'इकडे बघा' म्हटलं जातं, 'कसं वाटतंय?' हे विचारायला सॉफ्टवेअरमध्ये रकाना नसतो.

दुसरा धोका पूर्वग्रहाचा. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, कुंकवावरून, टोपीवरून, त्वचेच्या रंगावरून आपण माणसाचा धर्म, जात आणि ऐपत यांचा अंदाज बांधतो. डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. फोटो कुणाबद्दल आपुलकी वाढवेल, तसा कुणाबद्दल कमीही करू शकतो.

आणि चेहरा समोर असूनही माणूस न दिसण्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. या बायका डॉक्टरांसमोर प्रत्यक्ष बसल्या होत्या, तरीही हे घडलं. म्हणजे वेळ, चौकशी आणि जबाबदारी यांची जागा फोटो घेऊ शकत नाही.

कायदा काय सांगतो?

रुग्णालयात तुमचा किंवा घरातल्या कुणाचा फोटो काढला जात असेल, तर चार गोष्टी माहीत असू द्या.

पहिली, डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांनुसार, ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही.

दुसरी, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ मध्ये फोटोचा स्पष्ट उल्लेख आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

तिसरी, एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ नुसार व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती गोपनीय ठेवावी लागते. फोटोमुळे ती उघड होत असेल, तर तोही यात आला.

चौथी, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती ही स्वेच्छेने दिलेली, ठरावीक कारणापुरती आणि मागे घेता येण्याजोगी असावी, असं म्हटलं आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर रिपोर्टवर लावायला दिलेला फोटो रुग्णालयाच्या इन्स्टाग्राम रीलमध्ये वापरता येत नाही. 'नाही' म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. आणि शुद्धीवर नसलेल्या पेशंटचा फोटो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

उद्यापासून काय करता येईल?

पेशंटचं कुटुंब : घरातलं माणूस बरेच दिवस भरती असेल, विशेषतः आयसीयूमध्ये किंवा स्मृतिभ्रंशामुळे बोलता येत नसेल, तर सिस्टरना विचारून खाटेजवळ एक कार्ड लावा. त्यावर बरं असतानाचा एक फोटो आणि चार ओळी असाव्यात. घरी काय म्हणून हाक मारतात, काम काय करायचे, ऐकू कमी येतं का, कशाने धीर येतो. फोटो पेशंटला आवडणारा असावा, शक्य असेल तर त्यानेच निवडलेला.

आरोग्य केंद्र : दारात कर्मचाऱ्यांचे नावासह हसरे फोटो लावता येतील. डॉक्टर, सिस्टर, आरोग्यसेवक, आशाताई. बाहेरगावाहून हंगामापुरत्या आलेल्या बाईला आत कुणाला काय विचारायचं हे कळेल.

वैद्यकीय महाविद्यालयं : विद्यार्थ्यांना एका पेशंटचं पोर्ट्रेट करायला द्यावं. अट एकच. फोटो काढण्याआधी अर्धा तास गप्पा मारायच्या आणि काढलेला फोटो आधी पेशंटला दाखवायचा. तो म्हणाला 'नको', तर डिलीट. खरं शिक्षण त्या अर्ध्या तासात होतं. फोटो हे फक्त निमित्त.

सॉफ्टवेअर करणारे : हिंजवडीत बसून रुग्णालयांसाठी प्रणाली बनवणाऱ्या अनेकांना हा लेख मोबाइलवर दिसेल. फोटोचा रकाना बहुधा तुमच्या डेटाबेसमध्ये आधीच आहे. तो नोंदणीच्या पानावर बंद न ठेवता औषध लिहिताना आणि रिपोर्ट वाचताना समोर येईल, आणि पेशंटला हवा तेव्हा काढून टाकता येईल, एवढं केलं तरी पुष्कळ.

पुन्हा कासारसाईकडे येऊ. खोकला घेऊन निघालेल्या त्या बाईचा एक्स-रे दूर कुठेतरी एका स्क्रीनवर उघडेल. त्या दिवसाचा तो कदाचित नव्वदावा असेल. बाजूला तिचा फोटो असेल, तर वाचणारा डॉक्टर दोन सेकंद जास्त थांबेल का, याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण एखादा छोटा पांढरा ठिपका दिसायला कधीकधी तेवढीच दोन सेकंदं लागतात.